आपले ७ आमदार वर्गात का येत नाहीत?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, नागरिकशास्त्राच्या तासाला आपण एक ओळ पाठ करून घेतो : महाराष्ट्र विधानसभेत २८८ सदस्य असतात. मूल ती परीक्षेत लिहितं अन् विसरतं. त्यातले ७ आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून जातात, ते कोणत्या पक्षाचे, हे मात्र वर्गात कोणी काढत नाही. "राजकारण नको सर", विषय संपला. मला हे पटत नाही. प्रचार करणं वेगळं आणि सभागृह कसं बनतं ते सांगणं वेगळं.

फळ्यावर मांडून तर बघा. नोव्हेंबर २०२४ च्या निकालात मलकापूर, चिखली, खामगाव, जळगाव जामोद भाजपकडे, बुलढाणा शिवसेनेकडे, सिंदखेडराजा राष्ट्रवादीकडे आणि मेहकर उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडे गेलं. म्हणजे ६ सत्तेच्या बाजूला, १ विरोधात. सातांत बाई एकच, चिखलीच्या श्वेता महाले. (मुली हे बरोबर टिपतील.) राज्यात भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१, बेरीज २३०. बहुमताला लागतात १४५. विरोधातला सर्वात मोठा पक्ष २० वर थांबला. विरोधी पक्षनेतेपदासाठी एक दशांश, म्हणजे २९ सदस्य हवेत असा संकेत सांगितला जातो, आणि निकालानंतर ती खुर्ची रिकामीच राहिली. अपूर्णांक शिकवायला यापेक्षा जिवंत उदाहरण कुठलं?

पण खरा धडा त्याआधीच्या विधानसभेत आहे. २०१९ ला शिवसेनेचे ५६ आणि राष्ट्रवादीचे ५४ आमदार निवडून आले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. मतदार केंद्रावर गेलाच नाही, तरी तक्ता बदलला. बुलढाण्याचे संजय गायकवाड आणि मेहकरचे संजय रायमुलकर, दोघेही एकनाथ शिंदेंसोबत गेले. २०२४ ला एकाच जिल्ह्याने दोन उत्तरं दिली : गायकवाड ८४१ मतांनी निवडून आले, रायमुलकर हरले. ८४१ म्हणजे एखाद्या मोठ्या शाळेचा पट! इथे मुलांना विचारा, मत माणसाला दिलं की चिन्हाला? पक्षांतरबंदी कायदा मग आपोआप समजतो, पाठ करावा लागत नाही.

मतदान केंद्रावर ड्यूटी आपणच करतो, बीएलओ म्हणून दारोदार आपणच फिरतो. मग ७ नावं फळ्यावर लिहायला भ्यायचं कशाला? आणि पालकहो, तक्रार करण्याआधी मुलाची वही एकदा बघा : त्यात कुणाला मत द्या असं लिहिलंय, की नुसतं नाव, मतदारसंघ, पक्ष आणि खाली बेरीज?