अहो आई, डावीकडे

मोटारींची रॅली म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर धुरळा, हेल्मेट आणि जीव मुठीत धरून पळणाऱ्या गाड्या येतात. पण रॅलींची एक जात अशी आहे, जिथं घाई करणाऱ्याला दंड बसतो. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मुंबईची 1919 सालची संस्था महिला दिनाच्या सुमाराला बायकांची एक रॅली भरवते. 'विमेन्स रॅली टू द व्हॅली' असं तिचं नाव, मुंबईहून निघून लोणावळ्यापलीकडच्या अँबी व्हॅलीपर्यंत जाणारी. पद्धत टीएसडी, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांचा हिशेब. हातात एक रोडबुक मिळतं. त्यात गावांची नावं नाहीत, फक्त चौकाचौकाची चित्रं: खाली गोळा, वर बाण. गोळा म्हणजे आपण, बाण म्हणजे जायची दिशा. शेजारी अंतराचे आकडे. आयोजकांनी सरासरी वेग ताशी 36 किलोमीटर सांगितला असेल, तर एका किलोमीटरला बरोबर शंभर सेकंद. वाटेत कुठंतरी मार्शल घड्याळ घेऊन बसलेला असतो, कुठं ते सांगत नाहीत. त्याच्यापाशी उशिरा पोचलात तर गुण जातात आणि लवकर पोचलात तरी जातात.

हे सगळं गणित करते ती शेजारच्या सीटवरची बाई. चालवणारीनं रस्त्यावर नजर ठेवायची आणि ती सांगेल ते ऐकायचं. थोडक्यात, स्टिअरिंग एकीच्या हातात आणि सत्ता दुसरीच्या.

आता या दोन सीटवर एकाच घरातल्या दोघी बसवून बघा. बहिणी-बहिणी असल्या तर प्रश्न नाही. त्या भांडतात, पण भांडणाची भाषा लहानपणीच ठरलेली असते, त्यामुळे वेळ जात नाही. मायलेकींचं निराळं. लेक अचूक सांगते, आई ऐकते, आणि तरीही 'नक्की ना गं?' असं विचारल्याशिवाय वळत नाही. जावांबद्दल मी काही लिहिणार नाही, मला याच घरात राहायचं आहे.

खरा कस लागतो तो सासू-सुनेचा, आणि त्यातही सासू चालवणारी आणि सून नकाशा धरणारी असेल तेव्हा. आमच्या घरात तसंच आहे. सासूबाई जीप शिकल्या त्या पीपलरावां या गावाच्या बाजूच्या शेतांत, गहू निघाल्यावर मोकळ्या झालेल्या रानात. मी देवासला लग्न होऊन आले तेव्हा गाडीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची, आणि अजूनही मला ती मागून घ्यावी लागते. त्यांच्या शेजारी बसून वाट सांगायची तर मला जिभेवर वेगळीच कसरत करावी लागते. 'अहो आई, पुढच्या वळणाला जरा डावीकडे घेता का?' हे वाक्य म्हणायला तीन सेकंद लागतात. ताशी 36 किलोमीटरला गाडी सेकंदाला दहा मीटर जाते. म्हणजे माझा आदर पुरा होईपर्यंत आम्ही तीस मीटर पुढे गेलेलो असतो, आणि वळण मागे.

रॅलीतली भाषा अशी नसते. 'डावी. तीनशे. सरळ. थांब.' क्रियापदालाही जेमतेम जागा, मग 'अहो' कुठून बसणार? आपल्याकडे सुनेनं सासूला एकेरीत, तेही आज्ञार्थी, दिवसभर बोलावं आणि सासूनं ते निमूट पाळावं, ही गोष्ट चार चाकांवरच शक्य आहे. मला तर वाटतं, रॅलीला नाव देणाऱ्या घरांनी गाडीचा इन्शुरन्स नंतर बघावा, आधी हा करार करून घ्यावा: गाडीचं दार लागल्यापासून ते उघडेपर्यंत नातं बंद. चहाच्या टपरीवर उतरलं की पुन्हा 'अहो आई'.

पक्क्या रस्त्यावर हे निभावतं. खरी गंमत रस्ता संपतो तिथं सुरू होते. मोरोक्कोच्या वाळवंटात 1990 पासून 'रॅली आयशा दे गझेल' भरते. दोमिनिक सेरा या फ्रेंच बाईनं ती सुरू केली. फक्त बायका, जीपीएस नाही, हातात नकाशा आणि होकायंत्र. तिथं वेगाला किंमतच नाही. सगळे थांबे घेऊन जी जोडी सर्वांत कमी किलोमीटर चालवेल ती जिंकते. समोर वाळूचा डोंगर आहे. थेट चढून गेलात तर अंतर वाचतं आणि रुतलात तर दुपार जाते. वळसा घेतलात तर दुपार वाचते आणि किलोमीटर वाढतात. अमेरिकेत नेवाडा-कॅलिफोर्नियाच्या उजाड मुलखात एमिली मिलर यांनी 2016 साली 'रेबेल रॅली' सुरू केली. तिथंही जोडीनंच जायचं, फोन सुरुवातीलाच सीलबंद होतात. पहाटे अक्षांश-रेखांशांची यादी मिळते, ती टेबलावर वाकून, पट्टी लावून नकाशावर मांडायची. तिथल्या जोड्यांत मायलेकी असतात, बहिणीही असतात.

रेबेलमध्ये थांब्यांचे तीन रंग आहेत. हिरव्यावर लांबून दिसणारा झेंडा असतो, निळ्यावर जेमतेम दिसेल अशी खूण. काळ्या थांब्यावर काहीच नसतं. ना झेंडा, ना काठी, ना माणूस. उघड्या माळावर दोघींनी उभं राहून ठरवायचं की 'तो थांबा इथंच', आणि ट्रॅकरचं बटण दाबायचं. बरोबर होतं की चूक ते मागाहून कळतं. घरातल्या दोन बायकांचं 'इथंच' यावर, तिसऱ्या कुणाला न विचारता, एकमत व्हावं याहून अवघड परीक्षा मला तरी सुचत नाही. आमच्याकडे पडद्याच्या रंगावर ते व्हायला एक उन्हाळा गेला.

मग माझ्या मनात आलं, असं काही आपल्या माळव्यात का होऊ नये? आणि झालंच तर पीपलरावांच्या आसपास का नको? वाळूचे डोंगर नाहीत हे खरं. सोनकच्छला काली सिंध आहे, तिला मिळणारे नाले आहेत, आणि बाकी सपाटी. पण नकाशा वाचणाऱ्याला डोंगर बरा; डोंगर दिसला की आपण कुठं आहोत ते कळतं. सपाटीत सगळीकडे तोच गहू, तोच लसूण, तेच बांध. एखाद्या मंदिराचं शिखर आणि मोबाइलचा टॉवर, एवढ्यावर भागवायचं. गहू मार्चमध्ये निघतो आणि पाऊस जूनमध्ये येतो, तेवढे दोन-अडीच महिनेच आपले. पाऊस पडल्यावर इथली काळी माती चाकाला अशी धरते की चाक आणि मडगार्ड यांच्यात बोट जात नाही. तेव्हा नकाशा कितीही बरोबर असो, उपयोगी पडतो ट्रॅक्टरच.

दिशेच्या बाबतीत मात्र माळवा भाग्यवान. नेवाडा-कॅलिफोर्नियाकडे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून साधारण 11-12 अंश पूर्वेला सरकलेली असते. तो फरक वजा करायला विसरलात तर दहा किलोमीटरवर तुम्ही दोन किलोमीटर बाजूला पोचता. आपल्याकडे तो फरक जवळपास नाहीच. आणि रेखांशाचं म्हणाल, तर जुन्या भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा शेजारच्या उज्जैनवरूनच जात होती. कर्कवृत्तही आमच्या उत्तरेला हाकेच्या अंतरावर. भीमबेटका शोधणारे विष्णु श्रीधर वाकणकर, म्हणजे उज्जैनचे आपले हरिभाऊ, यांनी महिदपूरजवळच्या डोंगला गावी या रेषांची जागा दाखवली आणि तिथं आज वेधशाळा आहे. अक्षांश-रेखांश शिकवायला याहून बरी शाळा कुठली?

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकात हा मुलूख 55 नंबरच्या नकाशात येतो. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर असं प्रमाण असलेला त्याचा एक जुना कागद मिळवून मी सासूबाईंना घेऊन निघाले. फोन पिशवीत. सोनकच्छला भोपाळचा रस्ता सोडला आणि थोड्या वेळानं डांबरही सोडलं. माझी भीती होती ती 'मला माहीत आहे रस्ता' या वाक्याची, आणि ते आलंच. सासूबाई म्हणाल्या, चिंचेपासून गाडवाट जाते. चिंच नव्हती. गाडवाटही नव्हती, तिथं सोयाबीनचं गोदाम उभं होतं. मी विजयी मुद्रेनं कागद उलगडला, तर कागदावर ती गाडवाट तुटक रेषेनं स्वच्छ काढलेली! नकाशा जुना, त्यामुळे तो सासूबाईंच्या बाजूचा निघाला. मग आम्ही गोदामाला वळसा घालून पलीकडे गेलो आणि तीच वाट बांधाच्या कडेनं पुढे सापडली. त्या पट्ट्यात मी 'डावी', 'उजवी' एवढंच बोलले आणि कुणी मनाला लावून घेतलं नाही. पुढे एका नाल्यापाशी त्याच म्हणाल्या, 'बोल लवकर, अहो-जाहो नंतर कर.' मला हे लिहून घ्यावंसं वाटलं, पण नकाशा मांडीवर होता.

तेव्हा रॅली भरवायला हरकत नाही. नियमही मी कच्चे काढले आहेत, फक्त एक अडकला आहे. मोरोक्कोत मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही. इथं बांधावर गाडी थांबवून कागद उघडला की दोन मिनिटांत मोटरसायकल येते, 'कहाँ जाना है, भाभीजी?' मग दुसरी येते, पहिल्याला चूक ठरवते, तिसरा घरी चहाला चला म्हणतो. वाट विचारली तर गुण कापता येतील. न विचारता सांगितली तर किती कापायचे, आणि चहाचे किती, यावर सासूबाईंचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.