वगळणे म्हणजे जाळणे नव्हे

सॉफ्टवेअरमधला जुना, विनावापर कोड काढून टाकणे म्हणजे पोथ्या जाळणे होय, असा युक्तिवाद साहित्याशी नाते सांगणारी मंडळी अधूनमधून करीत असतात. उपमा आकर्षक आहे, पण चुकीची आहे; आणि ती चुकीची का, हे निदान पाठचिकित्सा शिकलेल्यांना तरी कळायला हवे.

लिब्रेऑफिसचे उदाहरण घेऊ. त्याचे मूळ जर्मनीतील स्टारऑफिसमध्ये आहे. १९९९ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले, २००० मध्ये त्याचा कोड खुला झाला आणि २०१० मध्ये त्यातून लिब्रेऑफिसची शाखा फुटली. वारशात आल्या जर्मन भाषेतल्या असंख्य टिपा, आणि कोठूनही बोलावणे न येणारी ढीगभर फंक्शने. स्वयंसेवकांनी टिपांचे इंग्रजी भाषांतर केले, अशी फंक्शने शोधणारे साधन चालवून याद्या केल्या आणि एकेक फंक्शन वगळले. नवशिक्यांना ही कामे मुद्दाम दिली गेली. ते योग्यच होते. परक्याचे लेखन वगळण्यासाठी आधी ते समजून घ्यावे लागते.

'पडून राहिले तर काय बिघडते?' असे विचारले जाते. बिघडते ते वाचकाचे. मेलेला परिच्छेद तो जिवंत समजून वाचतो, आणि उरलेल्या संहितेतील प्रत्येक बदल करताना त्याचेही ओझे वाहतो. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली. ती मृत कोडातली नव्हती, हे मान्य. पण ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्यानंतर लिब्रेएसएसएल ही शाखा काढली, तेव्हा सोळा बिटांच्या विंडोजसारख्या कालबाह्य प्रणालींसाठी जपलेला कोडही त्यांना उपसावा लागला. अशा अडगळीत एक चूक दोन वर्षे लपून राहिली, याचे मला तरी नवल वाटत नाही.

आता पोथ्यांविषयी. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. त्यांनी नेमके काय वगळले, हे शोधायला आज आपल्याला अन्य हस्तलिखितांचा आधार घ्यावा लागतो. गिटमध्ये मात्र वगळलेली ओळ, वगळणाऱ्याचे नाव आणि तारीख इतिहासात नोंदली जाते. संहिता स्वच्छ राहते आणि पाठभेदही हाती राहतात. चिकित्सक आवृत्तीकडून आपण याहून वेगळे काय मागतो?

म्हणून हाती कात्री आली की चालवावी, असे नव्हे. साधनाने दिलेली यादी हा पुरावा नसतो. एखादे फंक्शन बाहेरचा प्रोग्राम बोलावीत असेल, किंवा ते एखाद्याच प्रणालीवर लागत असेल. ही शहानिशा न करता आणि वगळण्याचे कारण न लिहिता केलेली सफाई निव्वळ बेजबाबदारपणाची आहे. पण न वाचता जपणाऱ्यांनी तिला नावे ठेवू नयेत. न वाचता फेकणारा आणि न वाचता जपणारा, दोघांनीही टाळलेले काम एकच आहे: वाचन.