दहावीनंतरच्या दोन महिन्यांविषयी

दहावीचा निकाल लागला की आमच्या दारी पेढ्यांचे पुडे येऊ लागतात. पालक पुडा हाती ठेवतात आणि त्याच दमात विचारतात, ‘गुरुजी, आता कोणत्या कॉलेजात घालू?’ कॉलेज एकदा ठरले की आपले कर्तव्य संपले, अशी बहुतेकांची समजूत असते. ती आमचीही होती, हे आधीच कबूल करावयास हवे.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गास आम्ही नौबादचा करेझ दाखवावयास नेले होते. बहमनी काळातील ही भुयारी पाणीवाट गावातल्याच मुलांनी नीट पाहिलेली नसते. एका मुलीने, जमिनीखालचे पाणी केवळ उताराच्या आधारे, गुरुत्वाकर्षणाने, कसे पुढे जाते आणि मधली विहिरीसारखी तोंडे कशासाठी ठेविली असावीत, हे इतके नेटके सांगितले की आम्ही कौतुकाने पाहतच राहिलो. हिला विज्ञान शाखेस घाला, असा सल्ला तिच्या वडिलांस आम्हीच दिला.

दिवाळीच्या सुटीत ती भेटावयास आली ती रडवेल्या चेहऱ्याने. ‘सर, तिथे सगळे इंग्रजीत चालते. ग्रॅव्हिटी म्हणजे आपले गुरुत्वाकर्षण, हेच मला कितीतरी दिवसांनी कळले.’ पोर अभ्यास चुकविते, असे वडिलांचे मत झाले होते. आमच्या मते चूक ना पोरीची होती ना वडिलांची. दहा वर्षे मराठीतून शिकवून, पुढची पायरी किती उंच आहे हे तिला न सांगणाऱ्या आम्हां शिक्षकांची ती होती.

मराठी माध्यमात घातले हेच चुकले, असे कृपा करून मुलांसमोर म्हणू नये. विषय तिला कळलाच होता. अडले होते ते शब्दांपाशी. परीक्षा संपल्यापासून पीयूसीचे वर्ग सुरू होईपर्यंत जे दीड-दोन महिने मिळतात, ते लग्नसराईत आणि मामाच्या गावी संपतात. मामाकडे जरूर पाठवावे. पण पिशवीत दहावीचेच विज्ञान व गणित इंग्रजीतून द्यावे. धडा ओळखीचा असल्याने शब्द आपोआप उकलत जातात. समीकरण, घनता, पेशी, आम्ल असे शब्द समोरासमोर लिहून एक वही करावी. आईबापांस इंग्रजी येत नसले तरी अडत नाही. ‘आज काय वाचलेस ते आपल्या भाषेत सांग पाहू’ एवढे विचारता आले तरी पुष्कळ झाले.

कागदपत्रांचेही तेच. संविधानाच्या ३७१ (जे) कलमान्वये २०१३ पासून आपल्या भागातील विद्यार्थ्यांस येथील शिक्षणसंस्थांत ७० टक्के व राज्यव्यापी संस्थांत ८ टक्के जागा राखीव आहेत. परंतु दाखला हाती नसेल तर त्या कागदावरच राहतात. जातीचा, उत्पन्नाचा व हा दाखला प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून मिळत नसतो. नावाचे इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डावर एक, गुणपत्रिकेवर दुसरे, हा तर घरोघरचा अनुभव. उन्हाळ्यातच ते एकसारखे करून घ्यावे.

अभियांत्रिकीच्या क्रमवारीत सीईटीइतकेच वजन पीयूसीच्या गुणांनाही असते, हे शिकवणीच्या जाहिरातींत ठळक छापलेले नसते. शिवाय डॉक्टर आणि इंजिनिअर यांपलीकडेही शिक्षण आहे. पशुवैद्यक विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या बीदरातच असताना, गोठ्यात वाढलेल्या मुलास त्याची वार्ताही नसावी, याचे आम्हांस नवल वाटते.

मूल वसतिगृहात राहणार असेल तर कपडे धुणे, महिन्याचे पैसे पुरविणे, बँकेची पावती भरणे त्यास आधी घरीच करू द्यावे. फोनवर पहिला प्रश्न मात्र गुणांचा नसावा.

त्या मुलीचे वडील सुटी संपेपर्यंत रोज संध्याकाळी रानातून परतल्यावर मराठी पुस्तक मांडीवर घेऊन बसत. ती इंग्रजी धडा वाची, अडली की ते मराठीतला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवीत. पुढे पीयूसी उत्तीर्ण झाल्यावर तिने आपली शब्दांची वही शाळेस आणून दिली. आता दर एप्रिलमध्ये मुले ती उतरवून घेतात. पुठ्ठा दोनदा बदलावा लागला आहे.