नाव रोमचे, गाव कुणाचे?

इराकमधील खाल्डियन ख्रिस्ती मूळचे कोण, असे विचारले की तीन उत्तरे मिळतात. एक म्हणतो, हे बाबिलच्या नेबुखद्नेझरचे थेट वंशज. दुसरा म्हणतो, हे असिरियनच. रोमने त्यांना निराळे नाव चिकटवले. तिसरा म्हणतो, हे ख्रिस्ती धर्माचे अरब. आम्हाला तिन्ही उत्तरे अमान्य आहेत.

बाबिलचे खाल्डियन घराणे इ.स.पूर्व ६२६ ते ५३९ या काळातले आणि दक्षिण इराकमधले. आजच्या खाल्डियनांची जुनी गावे, अल्कोश आणि तेल केप्पे, उत्तरेला मोसुलजवळ आहेत. म्हणजे प्राचीन असिरियाच्या भूमीत. राजवंशाचा अभिमान बाळगायला आमची हरकत नाही, पण अभिमान म्हणजे पुरावा नव्हे.

नाव रोमचे, हे खरेच. १४४५ मध्ये पोप युजीन चौथा याने सायप्रसमधील, रोमशी जोडल्या गेलेल्या पूर्व सिरियाई ख्रिस्त्यांसाठी ते वापरले. १५५२ मध्ये धर्मगुरूपदाच्या वारशावरून पूर्वेच्या चर्चमध्ये फूट पडली, योहानान सुलाका रोमला गेला आणि १५५३ मध्ये पोपची मान्यता घेऊन परतला. पुढे रोमशी जोडलेल्या पूर्व सिरियाई ख्रिस्त्यांना 'खाल्डियन' नाव कायमचे लागले. पण म्हणून ते खोटे कसे? 'असिरियन' हे नावही राष्ट्रीय ओळख म्हणून जोर धरू लागले ते एकोणिसाव्या शतकात, निनवेच्या उत्खननानंतर. आपल्या त्रिशूरमध्ये तर 'खाल्डियन सिरियन' म्हणवणारे चर्च रोमचे नाही, असिरियन चर्चचे आहे! नावे अशी फिरतात. माणसे मात्र आपल्या भाषेला सुरेथ म्हणतात. ती अरामीची लेक आहे, अरबी नव्हे. मग त्यांना अरब कोणत्या न्यायाने म्हणायचे?

२००५ च्या इराकी राज्यघटनेच्या कलम १२५ मध्ये खाल्डियन आणि असिरियन यांची नावे वेगवेगळी आली. काहींना यात फुटीचा डाव दिसतो. आम्ही विचारतो, पिढ्यान्‌पिढ्या ज्या नावाने लोकांनी लग्ने लावली, मुडदे पुरले, ते नाव त्यांचे कधी होणार?

जुलै २०१४ मध्ये मोसुलमध्ये 'इस्लामिक स्टेट'ने ख्रिस्त्यांच्या दारांवर अरबी 'नून' रंगवला. 'नसारा'तला तो नून. धर्म बदला, जिझिया द्या, निघून जा, नाहीतर तलवार. ऑगस्टमध्ये तेल केप्पे रिकामे झाले. कोण खाल्डियन, कोण असिरियन, याची चौकशी दार रंगवणाऱ्याने केली नाही. हे सारे इस्लामचे नाव घेऊन झाले, म्हणून मुसलमान लेखकांना येथे गप्प बसण्याची मुभा नाही. ज्यांच्या घरावर आमच्या धर्माच्या नावाने खूण केली गेली, त्यांच्याकडे वंशावळ मागण्याचा अधिकार आम्हाला उरत नाही.

इतिहासकारांनी मुळे जरूर शोधावीत. पण गावात राहण्याचा हक्क मुळांच्या लांबीवर ठरत नसतो. तेल केप्पेचा माणूस स्वतःला खाल्डियन म्हणतो. आमच्यासाठी तेवढे पुरेसे आहे.