वॉचमनला तिजोरीची किल्ली कशाला?

मित्रांनो, मागच्या व्हिडिओत मी सर्व्हरवर मॉनिटरिंग एजंट बसवायला सांगितलं होतं. डिस्क किती भरली, लॉगमध्ये कुठली एरर आली, हे दुकानात बसल्या बसल्या कळवणारा छोटा प्रोग्राम. वॉचमनच समजा. बऱ्याच जणांचा तो 'परमिशन डिनाइड' म्हणून अडला. आणि त्यावर अनेकांनी नेमका तोच उपाय केला, जो करून मी पस्तावलोय.

घाटकोपरला माझं पूजा साहित्य आणि सजावटीचं दुकान. गणपतीआधीचे तीन आठवडे म्हणजे आमचं अर्धं वर्ष! ऑनलाइन ऑर्डर सुरू केल्या, झॅबिक्सचा एजंट बसवला, पण तो एनजिनेक्सचा लॉग वाचेना. वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाने "दादा, एक मिनिट" म्हणत लॉगच्या अख्ख्या फोल्डरला ७७७ देऊन टाकलं. म्हणजे वाचा, लिहा, काहीही करा, कोणीही या. अलर्ट सुरू झाले, मी खूश.

आता गंमत बघा. जुना लॉग बाजूला करून नवीन फाइल सुरू करायचं काम लॉगरोटेट करतो. फोल्डरमध्ये कोणालाही लिहिता येतंय असं दिसलं, की तो ते असुरक्षित मानतो आणि काम न करता पुढे जातो. फाइल फुगत गेली, ऐन सीझनमध्ये डिस्क भरली, डेटाबेसने नवीन ऑर्डर घेणं बंद केलं. शनिवारची अख्खी संध्याकाळ गेली. डिस्कचा अलर्ट लावायचा राहिला होता, ती चूक माझीच.

खरा उपाय पाच मिनिटांचा आहे. एजंट 'झॅबिक्स' नावाच्या वेगळ्या युजरने चालतो, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय. उबुंटूवर एनजिनेक्सचे लॉग 'एडीएम' ग्रुपला वाचता येतात. या युजरला त्या ग्रुपमध्ये घाला आणि एजंट रीस्टार्ट करा. रीस्टार्ट विसरलात तर काहीच बदलणार नाही. एडीएममुळे सिस्टीमचे इतर लॉगही उघडतात, म्हणून एकच फाइल दाखवायची असेल तर एसीएल लावा. नुसत्या फाइलची परमिशन हाताने बदलाल, तर पुढच्या रोटेशनला नवी फाइल जुन्याच नियमाने बनेल आणि तुम्ही पुन्हा तिथेच.

तपासताना रूटने तपासू नका, मालकाला सगळीच दारं उघडी असतात. सुडोने झॅबिक्स युजर बनून फाइल उघडून बघा. तरी उघडली नाही, तर वरच्या प्रत्येक फोल्डरची परमिशन बघा. सोसायटीचं गेटच बंद असेल तर फ्लॅटची किल्ली काय कामाची?

"छोटा धंदा आहे, रूटनेच चालव" असं सांगणारे भेटतील. मला हे अजिबात पटत नाही. २०२० मध्ये सोलरविंड्सच्या ओरायन या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच हॅकर घुसले. जवळपास १८,००० ग्राहकांपर्यंत ते अपडेट गेलं होतं, त्यात अमेरिकेची सरकारी खातीसुद्धा होती. पहारेकरीच फुटला, तर त्याच्या हातात किती किल्ल्या होत्या त्यावर तुमचं नुकसान ठरतं. आपल्या लॉगमध्ये कधी कधी गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबरही पडलेले असतात, हेही बघून घ्या.

आज रात्री दुकान वाढवलं, की तुमच्या वेबसाइटवाल्याला एवढंच विचारा: एजंट कुठल्या युजरने चालतोय? 'रूट' असं उत्तर आलं, तर सीझनची वाट बघू नका, तेव्हाच बदलून घ्या.