गोरिला वाढले, पण त्यांच्या डीएनएचा बॅकअप कुठंय?

पर्वतीय गोरिलांची चांगली बातमी तुमच्या फीडवर कधी ना कधी आली असेल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगाच्या डोंगरांत जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. आता विरुंगा आणि युगांडातलं ब्विंडी मिळून १,०६३ आहेत. २०१८ मध्ये आययूसीएनने त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून काढून ‘संकटग्रस्त’ यादीत टाकलं. वनरक्षक आणि डॉक्टरांनी कित्येक वर्षं केलेल्या मेहनतीचं हे फळ आहे.

पण हा फक्त डोक्यांचा आकडा झाला. आत काय चाललंय ते डीएनए सांगतो.

दोन कॉपी, पण सारख्याच

आपल्यासारख्याच गोरिलाकडेही बहुतेक जीन्सच्या दोन कॉपी असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एकीत बिघाड असला तरी बऱ्याचदा दुसरी काम निभावून नेते. कळप लहान असला की नात्यातल्या नात्यातच पिल्लं होतात आणि दोन्ही कॉपी सारख्या येऊ लागतात. मग बॅकअपमध्येही तोच बग!

२०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पूर्वेकडच्या गोरिलांच्या जीनोमचा अभ्यास आला. त्यांच्या जीनोमच्या सरासरी एक तृतीयांशाहून जास्त भागात दोन्ही कॉपी सारख्या निघाल्या. याचा धोका साथीच्या वेळी कळतो. सगळ्यांची प्रतिकारशक्ती एकाच साच्यातली असेल, तर माणसाकडून गेलेला श्वसनाचा आजारही अख्खा कळप आडवा करू शकतो.

संख्या वाढली म्हणून ही विविधता परत येत नाही. अडीचशेंकडे जे जीन्स होते, तेच पुढच्या पिढ्यांत फिरत राहतात. त्यात विरुंगा आणि ब्विंडीच्या मध्ये दाट वस्ती आणि शेती आहे, त्यामुळे इकडचा गोरिला तिकडे जात नाही.

खरी घसरण दुसरीकडेच

२०१९ मध्ये संशोधकांनी संग्रहालयांत ठेवलेल्या जुन्या गोरिलांचा डीएनए आजच्या गोरिलांशी ताडून पाहिला. पर्वतीय गोरिलांत शंभर वर्षांत फारसा फरक दिसला नाही. ते हजारो वर्षांपासून हळूहळू कमी होत आलेत, त्यामुळे सगळ्यात घातक बिघाडांपैकी बरेच वाटेतच गाळले गेले असावेत. पण त्यांचे भाऊबंद, काँगोतले ग्राउअर गोरिला, यांची विविधता मात्र घटली होती आणि घातक बदल वाढले होते.

कारण त्यांची संख्या एकदम कोसळली. १९९० च्या दशकात ते सुमारे १७,००० होते. २०१६ चा अंदाज होता ३,८०० चा. २०२१ मध्ये जास्त जंगल तपासल्यावर तो ६,८०० वर गेला, तरी आधीच्या निम्म्याहून कमीच.

यात फोन कुठून आला?

ग्राउअर गोरिला फक्त पूर्व काँगोत राहतात. तिथल्या जमिनीत कोल्टन आहे. त्यातून टँटलम मिळतं आणि फोनमधल्या छोट्या कपॅसिटरमध्ये ते वापरतात. जंगलात खाण निघाली की मजुरांची वस्ती होते, वस्तीसाठी शिकार होते आणि खाणीच्या पैशावर सशस्त्र टोळ्या पोसल्या जातात. २०२४ मध्ये एम२३ या बंडखोर गटाने रुबाया इथल्या मोठ्या कोल्टन खाणींचा ताबा घेतला. २०२५ च्या सुरुवातीला गोमा आणि बुकावू ही शहरंही घेतली. ग्राउअर गोरिलांचं महत्त्वाचं घर, काहुझी-बिएगा राष्ट्रीय उद्यान, बुकावूच्या जवळच आहे.

विष्ठेतल्या डीएनएवरून, गोरिलाला हातही न लावता, कोण कुणाचं पिल्लू आहे हे आज ओळखता येतं. पण नमुना गोळा करायला जंगलात माणूस जिवंत पोचला पाहिजे. लढाई चालू असताना गोरिला मोजणंही थांबतं आणि राखणंही.

तुम्ही आपला फोन दोन वर्षं जास्त वापरलात म्हणून युद्ध थांबणार नाही. पण नव्या धातूची मागणी तेवढी तरी कमी होईल, आणि जुना फोन ड्रॉवरमध्ये न ठेवता रिसायकलला दिलात तर आणखी थोडी. काँगोतले गोरिला पुन्हा वाढतीलही. पण जीनची जी शेवटची कॉपी त्यांच्यासोबत गेली, ती रिस्टोअर करायला बटण नाही.