उन्हाळी बाजरीच्या पोचट कणसांबाबत निवेदन

प्रति,
मा. अधिकारी महोदय, शेती विभाग

विषय : फुलोऱ्यातील उष्णतेमुळे बाजरीत दाणा न भरणे, कणसे तपासून पंचनामा करणेबाबत.

महोदय,

आम्ही प्रतापनगर, बडोदे येथे राहून डभोई तालुक्यात जमिनी कसणारे शेतकरी. याच विषयावरचे आमचे अर्ज आपल्या दप्तरी आहेत. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

बाजरी हिरवीगार उभी होती, म्हणून आपल्या कर्मचाऱ्यांनी बांधावरूनच 'पीक उत्तम' असा शेरा मारला. कणीस कोणी हातात घेतलेच नाही. तळहातावर चोळले असते तर भुसकट उडून चिमूटभर दाणे उरलेले दिसले असते, तेही एकाच बाजूचे. बाजरीच्या कणसावर आधी केसर निघतात, पराग मागाहून सुटतो. त्या दिवसांत पारा ४२ अंशांवर गेला की केसर सुकतात, पराग निकामी होतो आणि दाणा धरत नाही. मग कितीही पाणी द्या, खत टाका, कणीस भरत नाही. ताटे मात्र हिरवीच. कीड नाही, रोग नाही, गारपीट नाही, म्हणून आपल्या नमुन्यात याला रकानाच नाही, असे तोंडी सांगण्यात आले. रकाना नाही म्हणून नुकसान नाही, हा हिशेब आम्हाला उमगत नाही.

'उशिरा पेरलीत' असेही ऐकवले गेले. फेब्रुवारीच्या मध्यात पेरली की फुलोरा कडक उन्हाआधी उरकतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण कालव्याला पाणीच मार्चमध्ये आले, तर पेरायचे कशाच्या जोरावर?

गेल्या उन्हाळ्यात 'पुढच्या हंगामात फुलोऱ्यात माणूस पाठवू' असे आपण म्हणालात. माणूस आला तो कापणीनंतर, कडब्याच्या गंजी पाहायला. २०२३ च्या भरडधान्य वर्षात उष्णता सोसणारे बियाणे देण्याचे कबूल झाले होते, त्याचीही वाटच पाहतो आहोत. बाजरी संशोधन केंद्र जामनगरला, आपल्याच राज्यात आहे.

तरी दाणा भरण्याच्या वेळी, शेतकऱ्यासमक्ष, शेताच्या चारही कोपऱ्यांतली आणि मधली कणसे तोडून, चोळून पंचनामा व्हावा, ही आमची मुख्य मागणी. पेरणीला व फुलोऱ्यात पाण्याची पाळी चुकू नये. कबूल केलेले बियाणे मिळावे. गावात तापमानाची नोंद ठेवावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. तोंडी आश्वासन कृपया देऊ नये.

आपले,
प्रतापनगर परिसरातील शेतकरी
(सह्या सोबत)